फेराचं तोंड कुणीकडं?

अक्का, नागपंचमी तोंडावर आली आणि परवा संध्याकाळी सगळ्या बायका माझ्या दारात येऊन बसल्या. आत या म्हटलं तर आत येईनात. कुणी पायरीवर, कुणी ओट्यावर, जागा मिळेल तिथं टेकल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. शेवटी हसीनाभाभीनं घसा खाकरला. "शोभा, यंदा फेर धरना के नै? तूच बोल." मी म्हटलं, मला काय विचारता, मी काय फेराची मालकीण आहे का? तर भाभी म्हणते, मालकीण गेली, अब उसके जावेला नै पूछना तो किसको पूछना?

आणि धरायचा तर कसा धरायचा, हेही मीच सांगायचं म्हणे. तुमचं आणि माझं त्यावरून काय चाललं होतं ते साऱ्या माकणी गावाला माहीत. मी म्हटलं, उद्या समाजमंदिरात येते, तिथं सांगते. गेल्या बिचाऱ्या. चहासुद्धा घेतला नाही कुणी.

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही ऐकवत आलात. "शिवाकडं गेलेल्या माणसाचं कसलं गं सुतक?" म्हणायचात. आणि तरी गल्लीत कुणाकडं काही वाईट झालं की सगळ्यात आधी चूल बंद ठेवणाऱ्या तुम्हीच. बोलण्याचा आणि वागण्याचा मेळ तुमच्यात कधी बसला नाही. तसं कुणी म्हटलं की तुम्ही सरळ माहेरच्या कानडीत सुरू व्हायचात, म्हणजे समोरच्याला उत्तरच देता येऊ नये. मला सगळं समजायचं बरं का. बोलता येत नव्हतं, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या माणसाला लवकर समजतात.

तुम्ही कुठल्या, मागं कोण कोण आहे, ते सगळं स्टँडवरच्या बॅनरवर छापलंय. फोटोत तुम्ही इतक्या गंभीर दिसता की मी दोनदा बघितलं. तुमच्या पोराच्या लग्नातला फोटो आहे तो. शेजारी मी होते, मला कापून काढलंय. माझा एक हात तेवढा राहिलाय तुमच्या खांद्यावर. भाजी आणायला जाते तेव्हा दिसतो. कुणाचा हात म्हणून एक बाई शेजारणीला विचारत होती, मी पिशवी उचलून पुढं निघाले.

हे नाचाचं खूळ गावात कुणी आणलं यावरूनही लोक चुकीचं बोलतात. पूजानं आणलं म्हणतात. लातूरची पोरगी, कॉलेजात गॅदरिंग गाजवलेली, तुमची सून होऊन आली आणि तिनं बायकांना नादी लावलं, असं. खरं मला माहीत आहे, कारण मी तुमच्या स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसले होते. पूजा खोलीचं दार लावून आत होती आणि आतून धपधप आवाज येत होता. तुम्ही उठलात, दाराला कान लावलात आणि धाडकन दार उघडलंत. पोरगी मोबाइल समोर ठेवून नाचत होती, घामाघूम. तिचं तोंड पांढरं पडलं. मीही मनात म्हटलं, आता हिची काही खैर नाही. तुम्ही कमरेवर हात ठेवून तिला खालीवर बघितलंत. "दार लावून काय नाचतीस गं? चोरी करायलीस का?" म्हणालात, आणि खिडकीसुद्धा उघडून परत येऊन शेंगा फोडायला बसलात.

पूजा दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर नाचायला लागली. मग शेजारच्या दोन पोरी आल्या, मग त्यांच्या आया आल्या. खालून लोक मान वर करून बघायला लागले. तुम्हाला ते आवडेना. नाचणं नव्हे, मान वर करून बघणं. म्हणून समाजमंदिराची किल्ली मागायला आपण ग्रामसभेत गेलो. आठवतं ना? संध्याकाळी तिथं पत्त्याचा डाव बसायचा. एकजण मागून हसत म्हणाला, "नाचायला किल्ली? आता बायका नाचणार व्हय गावात?" मी तर खाली बघितलं. तुम्ही डोक्यावरचा पदर नीट केलात आणि म्हणालात, "गणपतीत तुमी रस्त्यावर नाचताव. वरातीत गटारीत पडूस्तर नाचताव. आमी कधी काय म्हनलाव का? आमी तर दार लावून नाचनार हाव. किल्ली द्या." ग्रामसेवकच हसायला लागला. किल्ली मिळाली. पत्तेवाले अजून माझ्याकडं बघून मान फिरवतात, आता तुमच्या वाटचंही मलाच बघावं लागतं.

सुरुवातीला तुम्ही खुर्ची टाकून दाराशी बसायचात. राखण करते म्हणायचात. पूजा मोबाइल लावायची, स्पीकरचा डबा वाजायचा आणि सगळ्या जणी मोबाइलकडं तोंड करून हातपाय हलवायच्या. तुमचे खुर्चीतून टोमणे. "कवायत चाललीय कवायत. एकीला दुसरी दिसंना." पूजा हसून सोडून द्यायची. मग एक दिवस लाइट गेली, डब्याचं चार्जिंगही संपलं. गाणं अर्ध्यात बंद. बायका पदरानं वारा घेत उभ्या. तुम्ही खुर्चीवरून उठलात, पदर खोचलात आणि म्हणालात, "हातात हात द्या गं."

त्या दिवशी कितीतरी वर्षांनी गावात फेर धरला गेला, अक्का. भूकंपानंतर तो मोडलाच होता. गाव नवीन वसलं, गल्ल्या सरळ झाल्या, पण फेर धरायला कुणाचं मन होईना, आणि मग टीव्ही आला. पूजाच्या वयाच्या पोरींनी तर बघितलाच नव्हता. तुम्ही पुढं गाणं सांगत होतात, आम्ही मागं म्हणत होतो. अंधार पडायला आला होता आणि कुणाला घरी जायचं नव्हतं. माझ्या मोबाइलवर घरून फोनवर फोन. भाकरी करायला कोण येणार म्हणून. तुम्ही माझ्या हातातून मोबाइल घेतलात आणि माझ्या नवऱ्याला सांगितलंत, "पीठ डब्यात हाय. पानी माठात हाय." ठेवलात.

मग काय, वाढतच गेलं ते. पूर्वी ज्या त्या गल्लीची पंचमी ज्या त्या गल्लीत. आपल्या बायका खालच्या आळीत जात नसत, त्या इकडं येत नसत. कुणी बंदी घातली नव्हती, तसंच होतं. आता एकच फेर. खालच्या आळीतली ती पोर, नवरा गेल्यापासून उंबरा न ओलांडलेली, तिला तुम्ही स्वतः जाऊन हाताला धरून आणलंत. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मला कशाला, मी बघते इथनं, म्हणाली. तुम्ही म्हणालात, "बघायचंच हाय ना? मग आत येऊन बघ की. आतनं चांगलं दिसतंय." आज ती पोर सगळ्यात गोड गाते. सासूच आता तिला हाकलते, जा बाई, उशीर होतोय म्हणून.

हळदीला आपल्याला बोलावणी यायला लागली. डीजे नको, माकणीच्या बायका आणा, असं लोक म्हणायला लागले. मास्तरांनी शाळेतल्या पोरींना शिकवायला बोलावलं. गुडघे धरून चालणाऱ्या बायका चपला हातात घेऊन समाजमंदिराकडं पळायच्या. दवाखान्यातल्या बाईंनी मला विचारलं, काय करता हो तुम्ही गावात, तुमच्याकडच्या बायका आता झोपेची गोळी मागायला येत नाहीत. मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "तिला पन बोलाव." खरंच आल्या की त्या एकदा! बूट घालून आल्या, तुम्ही बूट काढायला लावलेत.

पण फेर सगळ्यांचा होता. फुगडी तुमची आणि माझी.

फुगडीला जोडीदारीण लागते, आणि कुणीही चालत नाही. वजन सारखं पाहिजे, उंची सारखी पाहिजे. एकीनं मागं झुकलं की दुसरीनं तितकंच झुकायला पाहिजे, नाहीतर दोघी भुईवर. मी या घरात आले त्या पहिल्याच पंचमीला तुम्ही मला नजरेनं मोजलंत आणि म्हणालात, "ही माजी." सासरी आल्यावर मला कुणीतरी माझी म्हणालं ते तेव्हा. बाकी कुणी म्हणाल्याचं आठवत नाही.

आणि फुगडीत एक नेम असतो. इकडं तिकडं बघायचं नाही. जोडीदारणीच्या तोंडाकडं बघायचं, नाहीतर गरगरतं. सगळं गाव फिरत असतं, भिंती फिरतात, झाडं फिरतात, समोरचं तोंड तेवढं जागेवर असतं.

चूल वेगळी झाली ते वर्ष, भूकंपाच्या आधीचं, तुम्हाला आठवतच असेल. कुणी काय म्हणालं, कुठून सुरू झालं, आता मला धड सांगताही येणार नाही. जात्यावरून सुरू झालं आणि जात्यापाशी थांबलं नाही. आपल्या दोघींच्या तोंडाला कुलूप. एकाच अंगणात दोन चुली, एकाच दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि बोलणं नाही. तुम्ही कोंबडीला बोलायचात, मला ऐकू जावं म्हणून. मी मांजराला बोलायचे. घरातले पुरुष दोघींमधून वाट काढत जायचे, जशी काही ज्वारीची कापणी सुरू आहे आणि विळा लागेल.

तशात पंचमी आली. मी फेरात तुमच्यापासून लांब उभी राहिले. फेर संपला, फुगड्या सुरू झाल्या. मला एकीनं ओढलं, ती हलकी, दोन गिरक्यांतच सुटलो. दुसरी जाड, तिनं मला लोळवलंच. सगळ्या हसायला लागल्या. मी धूळ झटकत उठते तर समोर तुम्ही. हाताची कैची करून उभ्या. मीही हात दिले. पायाला पाय लावले आणि मागं झुकलो.

आता बघणार कुठं? तुमच्या तोंडाकडंच बघायला पाहिजे होतं. इतके महिने नजर चुकवून काढलेले, आणि आता एवढ्या जवळून, एवढा वेळ. तुम्हीही माझ्याकडं बघत होतात, तसंच घट्ट, रागानं. मग तुम्ही गिरकी घेता घेता म्हणालात,

"धरनाच्या पान्याचा रंग झाला लाल,
धाकट्या जाऊबाईचे फुगले गाल!"

बायकांनी गलका केला. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मीही दिलं,

"धरनाच्या काठाला हिरवं हिरवं रान,
थोरल्या जाऊबाई पिळत्यात कान!"

तुम्ही हसलात. हसलात म्हणजे काय, फुगडी मोडली आपली. खाली बसलो दोघी. तुम्ही "साकू, साकू" करत दम घेत होतात. पुरे म्हणायचं झालं की तुम्हाला माहेरचा शब्द यायचा. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "तोंड लई उतरलंय तुजं. जेवत न्हाईस का?" बस. एवढ्यावर मिटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुरणाची दिंडं वाटीत झाकून पाठवलीत. चुली वेगळ्याच राहिल्या, त्या बऱ्याही होत्या, पण कोंबडीला आणि मांजराला त्या दिवसापासून आराम मिळाला.

आता आपल्या भांडणाचं. मिटलं नाही ते.

तालुक्याला, लोहाऱ्यात, बायकांच्या नाचाची स्पर्धा लागली. पूजानं नाव दिलं. टेम्पो ठरला, सगळ्यांनी हिरवी लुगडी घेतली, खालच्या आळीतल्यांची आणि आपली एकसारखी. स्टेज काय, लाइट काय, समोर ही गर्दी. आधीच्या पोरी सिनेमाच्या गाण्यावर नाचून गेल्या होत्या, शिट्ट्या पडल्या होत्या. आपलं नाव पुकारलं. आपण गेलो, हातात हात दिले, तुम्ही गाणं धरलंत आणि आपण फेर धरला. जसा अंगणात धरतो तसा. तोंडं आत.

कुणाच्या टाळक्यातच आलं नाही हो! एवढ्या शहाण्या बायका, पूजासारखी शिकलेली पोरगी. महिनाभर तालीम केली, लुगड्याचा रंग ठरवला, गजरे ठरवले, आणि लोकांना आपल्या पाठी दिसणार हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. नुसते अंबाडे आणि गजरे. माइकवाला दोन मिनिटं थांबला आणि मग म्हणाला, "ताई, जरा इकडं तोंड करा. प्रेक्षक इकडं आहेत." तुम्ही फेर न थांबवता, मान मागं वळवून, खणखणीत आवाजात, "तुमीच या की हिकडं!"

हसून हसून मंडप डोक्यावर. हसीनाभाभी तर नाचता नाचता खाली बसली. नंबर काही आला नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, गाणी सुंदर, पण सादरीकरणात प्रेक्षकांचा विचार नाही. परत येताना टेम्पोत सगळ्या हसत होत्या. मला मात्र हसू येईना. मी म्हणाले, पुढच्या वेळी फेर अर्धा करू. लोकांकडची बाजू उघडी ठेवू. तुमचं हसू तिथल्या तिथं थांबलं.

"मग फेर कशाला म्हनायचं त्याला?" तुम्ही म्हणालात.

मी म्हणाले, अक्का, जन्मभर लोकांनी आपली पाठच बघितली. चुलीपुढं पाठ, खुरपायला पाठ, नदीवर धुणं धुताना पाठ. एकदा तर तोंड दिसू दे. पोरी समोर बसल्या होत्या, त्यांना आपली तोंडं दिसायला नकोत? किती आनंद होता सगळ्यांच्या तोंडावर, आणि तो फक्त आपल्यालाच दिसला.

तुम्ही म्हणालात, "त्यासाठीच तर हाय ते! लोकांला दाखवायला फेर न्हाय, शोभे. बाईनं बाईकडं बघायला हाय. घरात कोन बघतंय गं आपल्याकडं? ताटात बघत्यात, मोबाइलात बघत्यात. हितं घटकाभर कोनतरी समोरून बघतंय, तर तू ते बी उघडून देतीस लोकांला."

मला राग आला, आणि तुमचं खरं वाटलं म्हणून जास्त आला. मी म्हणाले, तुमचं सगळं आतच ठेवायचं असतं. तुम्ही म्हणालात, आणि तुजं सगळं बाजारात मांडायचं असतं.

तिथून जे सुरू झालं ते उन्हाळाभर आणि पुढं पावसातही चाललं. रोज संध्याकाळी तालमीला जायचं आणि रोज तेच. अर्ध्या बायका तुमच्याकडं, अर्ध्या माझ्याकडं. पूजाची पंचाईत. सासू एकीकडं, काकू एकीकडं. ती तुम्हाला म्हणायची, आत्या, एक दिवस असं करू, एक दिवस तसं करू. तर तुम्ही, "न्हाय." तुमचं ते न्हाय म्हणजे दार आपटल्यासारखं. भाभी म्हणायची, तुम दोनो लडते तो हम आते देखनेको, नाच तो बहाना है. तेही खोटं नसावं. तुम्ही मला घरी जाताना, बांधावर, पाण्याच्या टाकीपाशी, कुठंही गाठून नवीन मुद्दा सांगायचात. एकदा तर पीठ मळत्या हातानं माझ्या दारात आलात, हात तसाच वर धरून, आणि म्हणालात, "आनि अर्ध्या फेरात कडंच्या दोघींचा एक एक हात मोकळा ऱ्हातंय, त्याचं काय?" मला उत्तर सुचेपर्यंत निघूनही गेलात. मी मागून ओरडले, मोकळ्या हातात रुमाल देऊ! तुम्ही मागं न बघता कानडीत काहीतरी बोललात. ते मी इथं लिहिणार नाही.

मला ते भांडण इतकं आवडत होतं, अक्का. सकाळी उठल्या उठल्या मनात येई, आज काय बोलायचं. भाकरी थापताना मी मुद्दे जुळवायचे. या वयात आपल्याशी एवढ्या ईर्ष्येनं कोण भांडतं? लेकरं हो आई म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. नवरा हूं म्हणतो. तुम्ही तेवढ्या माझं बोलणं पुरतं ऐकून मग खोडायचात. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, लाडात येऊ नकोस, आणि पुन्हा फेरावर आला असतात.

शेवटच्या संध्याकाळीही तेच. समाजमंदिराला कुलूप लावताना तुम्ही म्हणालात, "पंचमीला बगू कुनाचं खरं ते." मी म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून लवंडलात त्या उठलाच नाहीत. पूजा चहा घेऊन उठवायला गेली. तिची हाक ऐकून मी अंगणातून पळत आले. तुमच्या तोंडावर काही सुद्धा नव्हतं, त्रास नाही, काही नाही. माझ्याशी बोलायचं टाळलंय असंच वाटलं मला पहिल्यांदा. मी म्हटलंसुद्धा, "अक्का, उठा, नाटकं करू नका."

मातीला किती लोक आले म्हणून सांगू. ज्या गावांत आपण हळदीला नाचून आलो होतो त्या गावांच्या बायका टेम्पो करून आल्या. रीतीप्रमाणं तुम्हाला बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. बायका पुढून येत होत्या आणि एकेक जण तुमच्या तोंडाकडं नीट बघत होती. लांबून हात जोडून कुणी परतली नाही. जवळ येऊन, खाली वाकून, बघत होती. तेव्हा मला कळलं तुम्ही टेम्पोत काय म्हणत होतात ते. पण तुम्हाला सांगणार कसं? आणि मी अजून मानलेलं नाही बरं का. कळलं म्हणाले, मानलं नाही.

समाजमंदिर बंदच होतं तेव्हापासून. पूजा किल्ली माझ्याकडं देऊन गेली. लातूरची पोरगी एवढी बोलकी, ती गप्प झालीय. परवा दोरीवरचे कपडे काढताना मला म्हणाली, "काकू, आत्या मला रोज काहीतरी बोलायच्या. आता दिवसभर घरात आवाजच नाही. मी खोलीचं दार लावलं तरी कुणी उघडत नाही." मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

तर काल संध्याकाळी मी गेले. कुलूप उघडलं. बायका आल्या, केर काढला, सतरंजी अंथरली. तुमची खुर्ची कुणीतरी बाजूला सारली आणि तिच्यावर कुणी बसलं नाही. मी सांगितलं, फेर धरायचा. अक्कांना सुतक मान्य नव्हतं, आणि असतं तरी फेर मोडलेला त्यांना चालला नसता. फुगडीचं मला विचारू नका. तुम्ही घाला, मी नाही घालणार. मला अक्कांशिवाय गरगरतं. एवढं बोलून मी रडले, सगळ्यांदेखत, आणि मला लाज वाटली नाही.

मग पूजानं विचारलं, "काकू, उभं कसं राहायचं? पंचमीला शाळेच्या पटांगणात धरायचाय. बाहेरगावची माणसं येणार आहेत बघायला."

मी म्हणाले, "अर्धा धरू. एक बाजू उघडी ठेवू."

"चालेल काकू," पूजा म्हणाली.

"हां, वैसाच करेंगे," भाभी म्हणाली.

खालच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, चालेल. तुमच्या बाजूच्या, उन्हाळाभर मला उभी आडवी बोललेल्या, त्याही माना डोलवून म्हणाल्या, तुम्ही म्हणता तसं. सगळ्या उठल्या आणि निमूट अर्ध्या फेरात उभ्या राहिल्या. जागा सोडून, एकमेकींचे हात धरून, तोंडं दाराकडं.

मी थांबले. वाटलं, आता कुणीतरी बोलेल. एवढ्या बायकांत एक तरी म्हणेल, न्हाय. कुणी म्हणेना. माझ्यावरच्या दयेनं म्हणेना, हे मला त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. एवढं भांडून जे मला मिळालं नाही, ते तुम्ही नसताना चुटकीसरशी मिळालं, आणि मला ते घ्यायला हात पुढं करवेना. मी म्हणाले, "अगं, कुणीतरी भांडा की माझ्याशी." तर पूजाच रडायला लागली.

मग मीच तुमची बाजू घेतली. म्हणाले, अर्ध्या फेरात बाई बाईला दिसत नाही, त्याचं काय? बायका म्हणाल्या, बरं, मग पुरा धरू. मी म्हणाले, पण मग लोकांना आपली पाठ दिसते, त्याचं काय? त्या म्हणाल्या, बरं, मग अर्धा. असं कितीदा तरी झालं. मी एकटीच दोन्हीकडून बोलत होते आणि मला तुमच्यासारखं खोडता येत नव्हतं.

पंचमी चार दिवसांवर आहे. फेर कसा धरायचा ते ठरलेलं नाही. मी ठरवणार नाही. अक्का, स्वप्नात या, वाऱ्यात या, कशातही या. पण भांडायला या.